दूधवाल्याचा चेहरा

कादंबरीतला माणूस चित्रपटात गेला, की वाचकाच्या मनातल्या त्याच्या चेहऱ्याचे काय होते? तो पुसला जातो, की नव्या चेहऱ्याच्या खाली तसाच राहतो? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी गेल्या वर्षी एक वही केली. प्रश्न वाङ्मयाचा दिसतो, आणि सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेल्यामुळे मी तो वाङ्मयाचा म्हणूनच मांडायला बसले होते. माझ्यापुरता मात्र तो माझ्या वडिलांविषयीचा होता. मी चौदा महिन्यांची असताना ते गेले. त्यांचे एकही छायाचित्र नाही. त्यांचा म्हणून जो चेहरा मी आयुष्यभर जवळ बाळगला, तो एका कादंबरीच्या वाचनातून आला होता. आणि त्या कादंबरीवर चित्रपट निघाला.

कादंबरीचे नाव मी येथे देत नाही. दिले तर वाचक ती शोधत बसतील, आणि मला त्यांना त्यांच्या स्वतःच्या कादंबरीकडे वळवायचे आहे. विषय सांगते. गडाखालच्या वाडीतून रोज पहाटे दुधाचे दोन कॅन कावडीला अडकवून एक माणूस रेल्वे स्टेशनपर्यंत चालत जातो आणि दुपारी परत येतो. चालताना तो मनातल्या मनात बायकोशी भांडतो. जाताना भांडण तो जिंकत असतो. परतीचा चढ चढून घरी पोचेपर्यंत हरलेला असतो. दोनशेहून अधिक पानांत यापेक्षा फारसे काही घडत नाही. शेवटच्या प्रकरणात तेवढे घडते.

माझे वडील हेच काम करत. लोहगडवाडीतून निघायचे, गायमुख खिंडीतून भाजे गावाकडे उतरायचे आणि मळवली स्टेशनवर दूध पोचवायचे. एके दिवशी परत येताना, भाज्याच्या चढावर, रिकाम्या कॅनांसह ते कोसळले. आई तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती.

मी नववीत असताना शाळेच्या ग्रंथालयातून ती कादंबरी घरी आणली. आईला वाचता येत नाही. रविवारी दुपारी ती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडायची आणि मी तिला मोठ्याने वाचून दाखवायची. त्या दुपारी आजही मला पाण्याखालून पाहिल्यासारख्या दिसतात. समोर गड अर्धा ढगात बुडालेला असायचा, सुपातले दाणे सरसरायचे, आणि माझा आवाज माझाच आहे की कुठून लांबून येतो आहे, हे मला कळेनासे व्हायचे. आई मधूनच विचारायची.

"कुटंवर आला?"

"खिंडीत पोचलाय."

"मग आता कावड टेकवंल. तंबाखू मळंल. खिंडीत वारं हाय, पाठ फिरवून मळावी लागती."

पुस्तकात तंबाखू नव्हती, पाठ फिरवणे तर नव्हतेच. परंतु पुढच्या ओळीला मी पोचायचे, तेव्हा कादंबरीतला माणूस वाऱ्याकडे पाठ करून उभा असायचा. लेखकाची वाक्ये कोणती आणि आईची कोणती, हे वेगळे काढावे असे तेव्हा मला वाटले नाही. ती दोन्ही मला एकाच आवाजात ऐकू येत होती. आणि तो आवाज माझा होता.

शेवटचे प्रकरण मी शनिवारीच एकटीने वाचून ठेवले होते. त्यात दूधवाला धुक्यात खिंड उतरताना घसरतो आणि घरी परतत नाही. रविवारी मी ते प्रकरण वाचू लागले. धुके आले. त्याचा पाय निसटण्याच्या जागेपर्यंत आले आणि समोर पाहिले. आईचे हात सुपात थांबले होते. मी दोन पाने एकदम उलटली, आणि डोळे पुस्तकावरच ठेवून मनाने सांगत गेले: धुके निवळले, तो स्टेशनवर गेला, दुपारी घरी आला, रिकामे कॅन त्याने दारात ठेवले.

"दारात न्हाई ठेवत," आई म्हणाली. "कुपाच्या खुंटावर पालथं घालतात. खालच्या शेतातनं बायका बघत्यात. पालथं कॅन दिसलं म्हंजी माणूस घरी आलं."

"हो, पालथे घातले," मी पुस्तकात पाहून म्हणाले.

"आला ना? बरं झालं."

मग त्या दिवशी ती पहिल्यांदाच वडिलांविषयी सलग बोलली. दाराशी आले की ते घसा खाकरायचे. पायावर पाणी घेताना हाताने चोळायचे नाहीत. एका टाचेने दुसरी टाच घासायचे. टॉवेलने आधी कॅनचे तोंड पुसायचे, मग स्वतःचे. मी ऐकत होते, आणि माझ्याच बनावट शेवटातून एक माणूस कुंपणापाशी येऊन उभा राहत होता. त्याला चेहरा होता. तेव्हापासून तोच माझ्या वडिलांचा चेहरा झाला.

पुढे मी शिक्षिका झाले, वलवणला धरणाजवळ घर केले, आईला वाडीवरून आणले. वर्गात माझा एक नियम होता. पात्राविषयी काहीही म्हणायचे असेल, तर आधी पान सांगायचे, मग बोलायचे. "बाई, ती स्वभावाने प्रेमळ आहे," असे कोणी म्हणाले, की मी विचारायची, "पान?" मुली हसायच्या, पण पान शोधायच्या. तीच कादंबरी मी पुढे अनेक वर्षे शिकवली. शेवटच्या प्रकरणाची पाने मी सगळ्या मुलींना दाखवली. आईला नाही.

दोन वर्षांपूर्वी चित्रपटाची माणसे आमच्या वाडीवर चित्रीकरणाला आली. निवृत्त झाल्यावर वाडीत काही निमित्ताने गेले असताना मी ते पाहिले. दूधवाल्याचे काम करणारा नट उंच होता, नाक तलवारीसारखे. कादंबरीतला दूधवाला ठेंगणा आहे. तिसऱ्याच पानावर त्याला कावडीची दोरी आखूड करावी लागते. चित्रपटात त्याच्या खांद्यावर ॲल्युमिनियमचे कॅन नव्हते, पितळेच्या चकचकीत कळशा होत्या. उन्हात त्या फार सुंदर दिसत होत्या.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर माझ्या जुन्या शाळेने तो सभागृहात दाखवायचे ठरवले आणि नंतर चार शब्द बोलायला मला बोलावले. आई म्हणाली, "मी बी येते. आपल्या वाडीचा डोंगर हाय त्यात." तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. खिडक्यांना निळे पडदे लावले होते. भर दुपारी सभागृह निळसर, अंधुक झाले, आणि पडद्यावर आमचीच खिंड उगवली. मी स्वतः शेकडो वेळा उतरलेली ती वाट तेथे इतकी संथ, इतकी धूसर दिसत होती, की जणू कोणी माझेच एखादे स्वप्न मला परत दाखवत होते. फक्त त्या स्वप्नात चालणारा माणूस बदललेला होता.

दिवे लागल्यावर मी फळ्यावर दोन रकाने आखले, 'पुस्तक' आणि 'पडदा', आणि मुलींना समजावून सांगितले. चित्रपटावर अन्याय होऊ नये, याची मी काळजी घेतली. कादंबरीकार 'त्याच्या मनात आले' असे तीन शब्द लिहून मोकळा होतो. कॅमेऱ्याला मनात शिरता येत नाही. म्हणून दिग्दर्शकाने दूधवाल्याच्या सोबतीला एक कुत्रा दिला; दूधवाला बायकोशी मनात जे भांडतो, ते येथे कुत्र्याला ऐकवतो. ही युक्ती मला पटली. पण त्यामुळे माणूस बदलला, हेही मी दाखवले. मनात भांडणारा माणूस एकटा असतो. कुत्र्याशी बोलणारा माणूस एकटा राहत नाही, तो गोड होतो. तसेच उंचीचे. ठेंगण्या माणसाची कावड खडकांना अडते, म्हणून तो वाटेवर चिडतो. उंच माणसाला चिडायला कारण उरत नाही.

"कुणाला काही विचारायचे आहे?" असे मी म्हणाले, आणि पहिल्या रांगेतून आई उठली.

"मला सांगायचं हाय," ती सगळ्या सभागृहाला उद्देशून म्हणाली. "कुत्रं ब्येस व्हतं. पितळंच्या कळशीत दूध नासंल, पन त्ये जाऊ द्या. त्याला मारला कशापायी? पुस्तकात तो घरी आलता. माज्या लेकीनं वाचून दाखवलंय मला. कॅन पालथं घातलं व्हतं त्यानं. शिनेमावाल्यांनी मारला त्याला."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिच्या हातात कादंबरी होती.

"बाई, पान सांगू का?"

तिने बोट घातलेले पान उघडले.

"पान दोनशे सहा. पुस्तकात पण तो..." ती थांबली. तिने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ते आपण नंतर पाहू. बस खाली," मी म्हणाले.

पान सांगणाऱ्या मुलीला मी खाली बसवले. असे मी पूर्वी कधीच केले नव्हते. त्या मुलीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, केवळ आश्चर्य होते. आणि ते मला जास्त लागले. चित्रपटाने पात्र बदलले म्हणून मी फळाभर लिहिले होते. मृत्यूच्या बाबतीत चित्रपट पुस्तकाशी प्रामाणिक होता. पात्र बदलणारी पहिली व्यक्ती मी होते, आणि मी ते पंचेचाळीस वर्षांपूर्वी केले होते.

रिक्षाने वलवणला परत येताना धुके इतके दाट होते, की धरणाची भिंत दिसत नव्हती. आई कळशांवरून कुरकुरत होती. मी डोळे मिटले आणि सवयीने वडिलांना समोर आणू पाहिले. कुंपण दिसले, खुंट दिसले, पालथे कॅन दिसले. माणूस वळला, आणि त्याला नटाचे नाक होते. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच नाक. रात्री अंथरुणात पडून व सकाळी उठल्यावर मी तो प्रयोग अनेकदा केला. जुना चेहरा कसा होता, हेही मला आठवेना. घरातली एखादी वस्तू रोज त्याच जागी असावी, आणि एके दिवशी तेथे केवळ तिच्या आकाराची रिकामी जागा उरावी, तसे झाले. त्या सकाळीच मी वही केली आणि तीन रकाने आखले: पुस्तक, पडदा, आई. पण तिसरा रकाना भरायचा, तर आधी आईला खरे सांगणे भाग होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले.

"आई, पुस्तकात तो घरी येत नाही. मी आणला होता त्याला. दोन पाने मी उलटली आणि पुढचे मनाने सांगितले."

ती पाकळी सोलतच राहिली. "पानं उलटली त्ये मला कळलंतं."

"कळले होते?"

"एका पानाचा आवाज येगळा, दोन पानांचा येगळा. दर आयतवारी आयकत व्हते की. म्या म्हनलं, पोरीला भूक लागली आसंल, उरकती वाटतं."

"मग काल सगळ्यांसमोर भांडलीस कशाला?"

"भुकंनं उरकलं आसंल, आसं वाटलं व्हतं मला. मधल्या पानावर मानूस मेलाय, त्ये मला काय म्हाईत?"

तिने उरलेल्या पाकळ्या सोलून संपवल्या. मग तिने हात पदराला पुसले.

"आन त्ये पुस्तक हिकडं. आता वाच. मधी काय सोडू नगंस. माझं कान अजून हायती."

मी वाचले. एकेक पान उलटले, आणि प्रत्येक वेळी ती मान हलवून पान मोजत असावी, असे मला वाटले. कादंबरीत तो मृत्यू कसा येतो, ते सांगते. पाय निसटतो, आणि परिच्छेद संपतो. पुढच्या परिच्छेदात तिसरा दिवस आहे. वाडीतल्या माणसांना खिंडीत कावड सापडते. एक कॅन लवंडलेला आहे. दुसरा उभा आहे, आणि त्याचे झाकण बसलेले आहे. मनुष्याविषयी एकही ओळ नाही. चित्रपटात याच जागी संगीत आहे, कुत्रा धावतो, नटाचा चेहरा पडदाभर होतो आणि धुक्यात हळूहळू विरतो.

मी पुस्तक मिटले. आई खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर धरणाची भिंत आता अर्धी दिसू लागली होती.

"झाकन घट्ट बसवलं व्हतं त्यानं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ह्यो बरा मेला. शिनेमातला लय येळ लावतो."

मग मी वही उघडली आणि ज्या प्रश्नासाठी हे सारे केले, तो विचारला. "आई, वडिलांचे नाक कसे होते?"

"नाक?" तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही भलतेच विचारले आहे. "नाकासारखं नाक. म्या कवा बघितलं नीट? घरात सासू, सासरा, दोन दीर. नवऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची सोय व्हती का तवा?"

"मग काय आठवते?"

"पाय. आपल्या जुन्या घराची वळचण कमरंएवढी खाली व्हती. आत चुलीपाशी बसलं की दारात आलेल्याचं आधी पायच दिसायचं, मग वाकला की डोकं. आन वाकला की म्या चुलीत बघायची. पाय मातूर वळखीचं व्हतं. खाकरायच्या आधी मला कळायचं, आलं म्हून. अनवानी. उजव्या पायाचा अंगठा वाईच बाहेर गेल्याला."

मी ते वहीत उतरवले आणि वही पुन्हा वाचली. चेहऱ्याच्या ओळीत पुस्तकाचा रकाना रिकामा होता. ठेंगणेपणापलीकडे लेखकाने काही लिहिलेले नाही. आईचा रकाना रिकामा. केवळ पडद्याचा रकाना भरलेला. जो चेहरा चित्रपटाने माझ्याकडून नेला असे मी समजत होते, तो ना पुस्तकाने दिला होता, ना आईने. नववीतल्या एका मुलीने तो कुठून तरी उचलून दूधवाल्याला लावला होता. कुठून, हे आता तपासता येत नाही, कारण तो आता दिसत नाही. चित्रपटाने तो खरोखर पुसला आहे. ते मी मान्य करते.

पायांच्या ओळीत मात्र वेगळे निघाले. खात्रीसाठी मी त्याच आठवड्यात चित्रपट पुन्हा पाहिला, या वेळी केवळ पायांकडे लक्ष ठेवून. दूधवाला बहुतेक ठिकाणी कमरेपासून वर दिसतो. पाय एकदाच दिसतात, तेही लांबून, आणि त्यांत नवी कोरी चप्पल आहे. कॅमेऱ्याने त्या पायांना हात लावलेला नाही. मी डोळे मिटले, वळचणीखाली पाहिले. दोन ओले पाय आले, एका टाचेने दुसरी टाच घासली. मी वर पाहिले नाही. आई जशी चुलीत पाहायची, तशी मीही खालीच पाहत राहिले. मनात कोणी आडवे आले नाही.

हे मी आईला सांगितले, तेव्हाही ती लसणाचे टरफल झाडत होती.

"येवढं लिवत बसलीस," ती म्हणाली, "आन आपला पाय कवा बघितलास का? उजवा. वाचून वाचून डोळं गेलं तुजं, खाली कवा बघनार?"

मी पाय पुढे घेतला. अंगठा जरा बाहेर गेलेला आहे. चप्पल नेहमी त्याच बाजूने फाटते, हे मला ठाऊक होते. कारण ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी त्या मुलीला वर्गासमोर सांगितले, की पान दोनशे सहा बरोबर होते आणि खाली बसवणे चूक होते. तिने विचारले, "बाई, मग आजी चिडल्या का?" मी म्हणाले, "नाही. तिला पुस्तकातला शेवट जास्त आवडला."

तेव्हा माझे उत्तर असे आहे: मनातल्या पात्राच्या ज्या भागाला पान नाही आणि माणूसही नाही, तो चित्रपट सहज घेऊन जातो, ज्याला दोहोंपैकी एकाचा आधार आहे, तो राहतो. हे उत्तर एका कादंबरीवरून, एका चित्रपटावरून आणि एका आईवरून काढलेले आहे. त्यामुळे ते चुकीचे असू शकते. आपण वाचलेली आणि नंतर पडद्यावर पाहिलेली एखादी कादंबरी घ्यावी. पुस्तक न उघडता त्यातल्या एका माणसाविषयी जे जे आठवते ते कागदावर लिहावे. मग पुस्तक उघडून प्रत्येक गोष्टीपुढे पान लिहावे. ज्या गोष्टीला पान सापडणार नाही, ती कोणाकडून आली, ते विचारावे. विचारता येण्यासारखे माणूस घरात असेल, तर लवकर विचारावे. माझ्यावर विश्वास ठेवू नये. कृपया स्वतः तपासून पाहावे.